‘बोलेल सावकाश’

घरगुती वादांचा इतिहास लिहिण्याची चाल आमच्याकडे नाही. तह, स्वाऱ्या आणि सनदा यांस इतिहासात जागा मिळते. परंतु ज्या वादामुळे एखाद्या मुलाचे सारे आयुष्य एका वळणाऐवजी दुसऱ्या वळणास लागते, तो माजघरात सुरू होतो, माजघरातच संपतो आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही. नातवंडाच्या वाढीविषयी आजी-आजोबा आणि आईबाप यांच्यात पडणारा मतभेद हा अशा वादांपैकी फार जुना आणि नित्याचा. मूल अडीच वर्षांचे झाले, अजून बोलत नाही. आई म्हणते, डॉक्टरांस दाखवू. आजी म्हणते, ‘बोलेल सावकाश; याच्या बापाला तरी कुठे लवकर तोंड फुटलं होतं?’ सुशिक्षित वर्ग या उत्तरास अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. आम्हांस ते इतके सरळ वाटत नाही. त्या उत्तरामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे, आणि तो तपासून पाहिल्यावाचून आजीस दोष देणे हे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नव्हे.

हा वाद जेथे आजही जिवंत आहे असा एक मुलूख डोळ्यांपुढे असावा म्हणून आम्ही खर्डी घेतो. कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कसाऱ्याच्या अलीकडे, शहापूर तालुक्यातील हे गाव. आसनगावापासून कसाऱ्यापर्यंतचा रूळ १ जानेवारी १८६१ रोजी खुला झाला, आणि तेव्हापासून या गावाच्या दारातून मुंबईची गाडी जात आहे. याच तालुक्यातील तानसेचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते. पाणी गेले, लाकूड गेले, आणि मागाहून माणसेही जाऊ लागली. आज खर्डीतील अनेक तरुण आईबाप पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याकडे जातात व दिवेलागणीनंतर परततात. आसपासच्या पाड्यांवरील कातकरी व ठाकूर कुटुंबांची तऱ्हा याहून कठीण. भाताची झोडणी आटोपली, की वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घेतलेली माणसे भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच. दिवसभर, किंवा कित्येक महिने, मूल आजीच्या ओटीत असते. म्हणजे ज्या मुलाविषयी निर्णय घ्यावयाचा, त्यास रोज पाहणारे माणूस एक आणि निर्णयाचा अधिकार असलेले माणूस दुसरे, अशी ही व्यवस्था आहे.

कायद्याच्या दृष्टीने तर हा वाद अस्तित्वातच नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यामागे आई. आजी-आजोबांचा त्या यादीत पत्ता नाही. घरातील वस्तुस्थिती मात्र याच्या अगदी उलट. न्हाऊ घालणे, टाळू भरणे, गुटी उगाळणे, दृष्ट काढणे, रात्री उठून पाळणा हलविणे, ही सारी कामे जिच्याकडे, तिचा शब्द डावलून मुलास गाडीत घालून तालुक्याच्या गावी नेण्याची छाती कोणत्या सुनेस होणार? आमच्या मते कायद्याने आजीस पालक मानले नाही, हीच ह्या वादातील पहिली गफलत होय. जिला जबाबदारी दिलेली नाही, ती नकार देण्यास मोकळी असते.

आता ह्या आजीस मुलाच्या वाढीतले काही कळत नाही, हा समज तपासू. मराठी बायकांच्या बोलीत मुलाच्या वाढीची एक संपूर्ण शिडी आहे. मूल मान धरते, पालथे पडते, बसते, रांगते, धरून उभे राहते, पांगुळगाडा घेऊन चालते, बोबडे बोलते. प्रत्येक पायरीचा महिना आजीस पाठ असतो आणि काही पायऱ्यांना सणाचे स्वरूप आलेले असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, पुढे जावळ, संक्रांतीस बोरन्हाण. खुळखुळा वाजविला असता मूल मान वळविते की नाही, तोंडाकडे पाहून हसते की नाही, हे ती रोज पाहत असते. आज आरोग्यखात्याच्या तपासणीपत्रकात वयोमानाप्रमाणे जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील निम्मे आजीच्या तोंडी आधीपासूनच आहेत, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. किंबहुना ज्या तरुण आईचे हे पहिलेच मूल आहे, तिच्यापेक्षा पाच-सात मुले हाताखालून गेलेल्या आजीच्या ध्यानात फरक लवकर येण्याचा संभव अधिक. असे पुष्कळदा होते, की आजी प्रथम कुजबुजते, ‘पोर डोळ्याला डोळा देत नाही,’ आणि मग बापच चिडून उठतो, ‘माझ्या मुलाला काही झालेलं नाही!’ तेव्हा ह्या वादात आजी नेहमी जुन्या बाजूस व आईबाप नेहमी नव्या बाजूस असतात, हा सिद्धांत प्रथम टाकून दिला पाहिजे.

मग आजी फरक पाहते, आणि तरीही ‘सावकाश’ म्हणते, याचे कारण काय? एक कारण सटवाई. जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर मुलाचे भविष्य लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद व लेखणी मांडून ठेवण्याची रीत पुष्कळ घरांतून आहे. (ज्या घरात कोणास अक्षर येत नव्हते, त्या घरातही एका रात्रीपुरती लेखणी येत असे, ही गंमतीची गोष्ट आहे.) लिहिले ते लिहिले, ते कोण पुसणार, ही वृत्ती त्यातून येते खरी. परंतु सारा भार दैववादावर टाकणे हा सुधारकांचा आवडता आळस आहे. ताप आला, साप चावला, तर तीच आजी सटवाईचा लेख बाजूस ठेवून मूल पाठीशी बांधते आणि चार कोस चालते. म्हणजे दैव सर्वच ठिकाणी आडवे येत नाही. ते जेथे आड येते तेथे दुसरेच काही भय असते.

ते भय कशाचे, हे पाहण्यासाठी ठाण्यास जावे लागते. १९०१ साली ठाण्यास वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१२ साली, हिंदुस्थान सरकारने जो वेडाविषयीचा कायदा केला, त्यात ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येतच जन्मतः मंदबुद्धी असलेल्या माणसाचा समावेश केला होता. ज्याची बुद्धी बिघडली तो आणि ज्याची बुद्धी सावकाश वाढते तो, असा भेद त्या कायद्यास ठाऊक नव्हता. ही व्याख्या काल-परवापर्यंत टिकली, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांस माहीत असेल. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला बाजूस सारले, आणि तो कायदा प्रत्यक्ष अंमलात येण्यास १९९३ साल उजाडले. म्हणजे ठाणे जिल्ह्यातील एखाद्या खेडुताने आपले मागे पडलेले मूल सरकारदरबारी नोंदवावे असे म्हटले असते, तर ऐंशी वर्षे कायद्याने त्यास एकच शब्द देऊ केला असता. ज्या जिल्ह्यात ‘ठाण्याला पाठवा’ ही शिवी झाली, त्या जिल्ह्यातील आजीने नातवास लपवून ठेवले, तर ती अडाणी होती की शहाणी? त्या काळापुरते तरी आमचे उत्तर ठरलेले आहे. तिच्यापुढे उपाय नव्हता, केवळ शिक्का होता. आणि मुलाच्या कपाळी शिक्का बसू नये म्हणून ती सटवाईच्या लेखाआड उभी राहिली.

उपाय मुळीच नव्हता असे नाही. तो मुंबईस होता, आणि उशिरा आला. मानखुर्द येथे चिल्ड्रेन्स एड सोसायटीने १९४१ साली मंदबुद्धी मुलांसाठी वसतिगृह काढले. १९४४ साली वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. ती आज जय वकील या नावाने प्रसिद्ध आहे. पुण्यात सिंधुताई जोशी यांची कामायनी निघण्यास १९६४ साल यावे लागले. या संस्थांचे उपकार थोर आहेत. पण खर्डीच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या आजीस त्यांचा उपयोग किती? तिच्या दृष्टीने मूल गाडीत बसून दूर जाणे म्हणजे ते घरातून जाणेच. पुढे आदिवासी भागांत आश्रमशाळा निघाल्या, तेव्हाही हीच अडचण निराळ्या रूपाने आली. सहा वर्षांचे पोर घराबाहेर राहणार, ही कल्पना आईबापांनी मानली तरी आजीने मानली नाही, अशी घरे थोडी नसतील.

ह्या जिल्ह्यात आजीचा नकार प्रथम कोणी समजून घेतला असेल, तर तो ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंचे शिक्षण, त्यांचे भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबरचे कार्य, १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ, १९३६ पासूनचे दादरचे शिशुविहार, हे सर्व आमच्या वाचकांच्या परिचयाचे असेल. त्या कार्यास शहरी सुशिक्षितांनी उचलून धरले, त्यात नवल नव्हते. खरी परीक्षा १९४५ च्या डिसेंबरात सुरू झाली, जेव्हा त्या अनुताई वाघ यांस बरोबर घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून बसल्या. बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी उघडली ती हरिजनवाड्यातील आणि पाड्यांवरील मुले येईनात. आपण असतो तर लोकांच्या अज्ञानावर एक व्याख्यान दिले असते. ताराबाईंनी तसे न करता वर्गच उचलला आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडला. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून जन्मास आला. मोंटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूस राहिली. खडे, शिंपले, पाने, बिया यांनी त्यांचे काम केले.

या बदलाचा अर्थ शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून खर्च वाचविण्याची युक्ती असा सांगितला जातो. आम्ही त्याचा अर्थ निराळा लावतो. अंगण कोणाचे असते? कर्ता पुरुष शेतावर, सून पाण्यास किंवा मजुरीस. दिवसा अंगणाची मालकी म्हातारीची. वर्ग अंगणात भरला म्हणजे तो तिच्या नजरेखाली भरला. मुलास अंघोळ घातली, केस विंचरले, तर ते तिच्यादेखत. गाणे म्हटले, तर तिच्या कानी पडणार. बिया मोजावयाच्या, तर त्या तिच्याच सुपातल्या. तिची संमती कोणी मागितली नाही, आणि तरी ती दिवसेंदिवस मिळत गेली. १९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली, तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच छत्राखाली ‘विकासवाडी’ म्हणून चालली. धाकटे भावंड कडेवर असल्यामुळे जी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, तिचे भावंड पाळणाघरात आले. जो मुलगा गुरांमागे होता, त्याच्यासाठी शाळाच कुरणात गेली. मूल ज्या घरात आहे त्या घराची घडी न मोडता त्याच्या वाढीची सोय करणे, हे त्या टेकडीवरचे शास्त्र होते. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली गेल्या; मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली व तिच्या केंद्रांस नाव दिले अंगणवाडी.

सरकारी हाती गेलेल्या कल्पनेचे जे होते, ते येथेही काही अंशी झाले. अंगणवाडी अंगणातून निघून खोलीत गेली, खोलीत वजनकाटा आला, नोंदवह्या आल्या, आणि म्हातारी उंबऱ्याबाहेर राहिली. मुलाचे वजन, आहार, लसटोचणी यांची काळजी वाढली, ती आवश्यकच होती; पण मूल बोलते का, ऐकते का, खेळात मिसळते का, याची चौकशी पुष्कळ वर्षे मागे राहिली. तीही अखेर आली, आणि योगायोग असा की पुन्हा ह्याच जिल्ह्यातून आली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा ते पुढील वर्षी झाले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची चार अंगांनी तपासणी करावयाची, जन्मजात व्यंगे, रोग, जीवनसत्त्वांसारख्या गोष्टींची उणीव आणि विकासातील विलंब, असा त्याचा बेत. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे, आणि संशय आल्यास मूल जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडावे, अशी योजना. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले; त्यांत स्वमग्नता आली, अध्ययनातील अडचणीही आल्या. १९१२ च्या एका शब्दाच्या जागी आता पुष्कळ शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दामागे काहीतरी करावयाचे आहे.

येथे मात्र आम्हांस आजीविरुद्ध बोलणे भाग आहे. तिचे ‘सावकाश’ जेव्हा शिक्का टाळण्यासाठी होते, तेव्हा ते समर्थनीय होते. उपाय उपलब्ध झाल्यानंतर तोच शब्द मुलाचे नुकसान करतो. मूल बोलत नाही याचे कारण पुष्कळ वेळा जिभेत नसून कानात असते. आणि भाषा ग्रहण करण्याचा मेंदूचा जो बहर पहिल्या काही वर्षांत असतो, तो पुन्हा त्याच जोमाने येत नाही. दुसऱ्या वर्षी कानास यंत्र लागलेले मूल व सातव्या वर्षी लागलेले मूल यांच्यात जो फरक पडतो, तो कोणत्याही शिकवणीने पुरता भरून निघत नाही. काही मुले उशिरा बोलू लागतात आणि ठणठणीत निघतात, हे खरे. पण उशिरा बोलणारे कोणते व न ऐकणारे कोणते, हे अंगणात बसून ओळखता येत नाही, त्यास तपासणीच हवी. आणि दुसऱ्या टोकास, आईबापांच्या उतावळेपणासही आम्ही सोडणार नाही. शेजारच्या मुलाने इंग्रजी कविता म्हटली म्हणून आपल्या तीन वर्षांच्या पोरास मागासलेले ठरविणारी घरे आता खर्डीसारख्या गावीही दिसू लागली असल्यास आश्चर्य नाही; तेथे ‘सावकाश’ म्हणणारी आजी हीच मुलाची खरी वकील असते.

तडजोडीचा एक नमुना शेजारच्याच तालुक्यात घडला. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साह्याने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी पातळे नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास अक्षरे गिरवू लागल्या. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले, परदेशांतूनही पाहुणे आले. बहुतेकांनी त्यात निवृत्तीतला विरंगुळा पाहिला. आम्हांस त्यातली एक बारीक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ह्या आज्यांचा घरचा अभ्यास पुष्कळदा नातवंडे घेत. जे मूल आजपर्यंत आजीच्या हाताखाली वाढत होते, ते आता तिच्या हातास धरून ‘असा काढ’ म्हणून ‘अ’ काढवीत होते. शिकताना हात थरथरतो, काल आलेले आज विसरते, दुसरीला येते ते आपल्याला येत नाही, याचा अनुभव सत्तराव्या वर्षी आजीस स्वतः आला. मागे पडणाऱ्या मुलास रागे भरण्याची किंवा त्यास लपविण्याची बुद्धी अशा आजीस पूर्वीसारखी होईल असे आम्हांस वाटत नाही. आणि जिला अक्षर येते, तिच्या हाती तपासणीचे पत्रक देता येते.

मोठे झालेल्या अशा मुलांचा प्रश्न राहतोच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीस अठरा वर्षांनंतरही पालक नेमून देण्याची सोय केली असून, त्यासाठी आईबाप किंवा नातेवाईक यांस जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो. नातेवाईक या शब्दात आजोबा-आजी येतात. म्हणजे मुलाच्या बालपणी ज्यांस कायद्याने विचारले नाही, त्यांस तो प्रौढ झाल्यावर विचारण्यात येते. तोवर बहुतेक आजोबा-आजी हयात नसतात. बदलापुरास ‘आधार’ ही संस्था पालकांनीच काढली, ती आपल्यामागे ह्या मुलांचे कोण, ह्या काळजीतून. त्याच काळजीने खर्डीची आजी नातवास कुशीत ओढून घेते. फरक इतकाच, की पालकांना एकत्र येता आले आणि तिला येता आले नाही.

राहता राहिली पाड्यावरची मुले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर जाऊन मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. शाळेने मुलामागे जावे, हा कोसबाडचाच धडा त्यांनी पुढे चालविला. परंतु तपासणीचे पथक भोंग्यामागे जात नाही, ते अंगणवाडीच्या पटावरील मुले पाहते. पथक येण्याच्या दिवशी जे मूल आईबापांबरोबर भिवंडीच्या भट्टीवर असते, त्याच्या नावापुढे गैरहजर असे लिहिले जाते. आणि जे पाड्यावर राहिलेले असते, ते आजीचा हात धरून येते. ‘बोलतो का? हाक मारली की वळून पाहतो का?’ हे प्रश्न तिलाच विचारले जातात; आई विटा पाडावयास गेलेली असते, किंवा खर्डीहून पहाटेची लोकल पकडून ठाण्यास कामावर पोहोचलेली असते. तिच्या उत्तरावरून पत्रकात खूण होते आणि पथक पुढच्या पाड्यास निघते.